उजवा गुडघा

हाडांच्या डॉक्टरकडे नंबराची वाट पाहणाऱ्या शिक्षिकेचा हात मोडला होता, कान शाबूत होते. मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"तुमचा मुलगा वीज कंपनीत ना?"

"हो, खरेदीला. उद्या लागणारी वीज आजच घेऊन ठेवतो."

"एवढी घाई कशाला?"

"कडाका वाढला की घरोघरी हीटर लागतात. त्यात वारा पडला की पवनचक्क्याही थांबतात. मग भाव गगनाला भिडतात."

"पण थंडी येणार हे त्याला आधी कसं कळतं?"

"रोज सकाळी मला फोन करतो. आई, गुडघे कसे आहेत?"

"गुणी आहे हो पोरगा."

"मलाही तसंच वाटायचं. उजवा ठणकतोय म्हटलं की फोन ठेवतो आणि खरेदीला लागतो."

"अहो, हवामान खातं असतं ना?"

"ते चुकतं म्हणतो. गुडघा अजून चुकला नाही."

"मग ऑपरेशनचं काय?"

"उन्हाळ्यात करू म्हणतो. उन्हाळा आला की पुढच्या उन्हाळ्यात म्हणतो."

"म्हणून आज एकट्याच आलात."

"त्याला सांगितलंच नाही. डाव्याचं करून घेते."

"आणि उजवा?"

"तो राहू दे. पोराची नोकरी आहे त्याच्यावर."