पाळण्याला इस्त्री

आम्हा तमिळनाडूतल्या कुंभकोणमवाल्यांच्या मराठीला जुनाट म्हणा, चालेल. पण आमच्या सुरांना हात लावू नका. आत्या गाते तो पाळणा मी कीबोर्डवर वाजवला आणि त्याची मिडी फाइल पुण्याच्या एका संगीतकाराला पाठवली. तिकडचं माझं पहिलंच काम.

त्याचा फोन आला, "सूर फार हलतात. सरळ करा."

मी कॉम्प्युटरवर सुरातून सुरात घसरणाऱ्या सगळ्या मींडा पुसल्या, एकेक सूर ठोक्यावर बसवला आणि आत्याला ऐकवलं.

ती उसळली, "अय्यो! माझ्या पाळण्याला इस्त्री कोणी केली रे?"

मी सगळं पूर्ववत केलं आणि तसंच पाठवलं.

संगीतकार तडकला, "अजून हलतंय! काम दुसऱ्याला देतोय मी."

"खुशाल द्या," मी म्हणालो. "न हलणाऱ्या पाळण्यात आमच्याकडे पोर झोपत नाही."