चाळीस नंबरांचे आभार

घाटकोपरच्या लॅबमध्ये, रक्त द्यायच्या रांगेत माझ्यापुढे दोघी.

"सुगंधाताई, तुझी प्रांजल काय शिकली गं शेवटी?"

"बायोइन्फर्मेटिक्समध्ये एम.एस्सी. रक्तातली माहिती कम्प्युटरवर तपासते. प्रोजेक्टला कोणी रक्त देईना, तेव्हा आमच्या चाळीतल्या चाळीसजणी उपाशीपोटी कॉलेजात गेलो. नाहीतर डिग्रीची वाटच लागली होती."

"मग आभार मानले की नाही पोरीने?"

"मानले ना! प्रोजेक्टच्या पुस्तकात पहिल्याच पानावर. पण नावं छापायची नाहीत असा नियम. नुसते नंबर."

"त्यात तुझा कितवा?"

"प्रांजल नाही सांगत. नियम म्हणजे नियम, म्हणते."

"आईलासुद्धा?"

"आईलासुद्धा. मग काय, चाळीसच्या चाळीस नंबरांवरून हात फिरवला मी."