खिडकीसमोरचं झाड

नवरा एकवीस दिवस इस्पितळातल्या वेगळ्या खोलीत, म्हणजे काकूंचा तसा फायदाच होता: घोरणं नाही, पंखाही आपल्या मर्जीचा. तरी नवऱ्याला घरी न्यायला आलेल्या काकूंचा चेहरा उतरलेला पाहून, रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने शेजारच्या बाकावरून कान टवकारले.

"सिस्टर, ह्यांना एकांत मानवलाय हो. येतील ना घरी?"

"असं का म्हणता, काकू?"

"रोज फोनवर कविता पाठवतात. खिडकीसमोरचं झाड, खार, पानांची सळसळ! माझा एका अक्षरानं उल्लेख नाही."

"काकू, त्या खिडकीसमोर टाकीची भिंत आहे. झाड औषधालाही नाही."

"मग हे कुठलं झाड?"

"वाकड्या खोडाचं. फांदीला निळी दोरी बांधलेली, कपडे वाळत घालायला. दोरी कवितेत बसेना म्हणून गाळली, म्हणाले."

"अगं बाई! ती दोरी मीच बांधलीय. आमच्या मागच्या दाराशी!"

"बघा."

"ह्या माणसाला आठवण येते म्हणून सरळ लिहायला काय झालं होतं?"

"ते तुम्ही विचारा. आणि आता कविताही तुम्हीच ऐका. एकवीस दिवस मी ऐकल्यात, काचेबाहेर उभी राहून."