भांडे न घेता दिलेले कपडे

मी तानुबाई मल्हारी साळुंके, वय अंदाजे त्रेपन्न वर्षे, धंदा जुने कपडे घेऊन त्या बदल्यात भांडी देणे, राहणार पाथर्डी फाट्यामागची वस्ती, नाशिक. शिक्षण नाही. सोबत माझी सून मोहिनी आहे. मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन सांगते की,

वरील पत्त्यावर मी, मुलगा दीपक, सून आणि नात असे राहतो. मुलगा विंचूरला कंपनीत कामाला आहे, तो शनिवारीच घरी येतो. आज घरात आम्ही बायकाच होतो. मी सकाळी डोक्यावर भांड्यांची पाटी आणि खांद्यावर रिकामे गाठोडे घेऊन निघते. लोकांनी दिलेला कपडा घरी आणून आम्ही निवडतो. धड साड्या आणि ड्रेस धुऊन, टाके घालून बाजारात विकतो. जुन्या सुती साड्या गोधड्यांना जातात. अगदी विरलेला सुती कपडा फाडून अंबडच्या वर्कशॉपमध्ये मशीन पुसायला देतो. हा धंदा मी लग्न झाल्यापासून करते. माझ्यावर आजपर्यंत एकही तक्रार नाही.

फाट्याजवळच्या एका सोसायटीत मी बरीच वर्षे जाते. तिथे तिसऱ्या मजल्यावर साधनाबाई राहतात. त्यांचा मुलगा किशोर अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याची बायको रोशनी. तिचे माहेर वणीजवळ आहे. वडिलांचे नाव सावळीराम आणि गावाचे नाव तिनेच मला सांगितले होते, ते मी साहेबांना सांगितले आहे.

साधनाबाई भांड्यावरून फार घासाघीस करतात. मागे एका परातीसाठी त्यांनी मला जिन्यात बसवून ठेवले आणि शेवटी वर चहाची गाळणी मागून घेतली. रोशनीला ते बघून हसू यायचे. ती सासूच्या मागे उभी राहून मला खूण करायची, की देऊन टाका मावशी, नाहीतर सुटका नाही. सासू आत गेली की ती दारात माझ्याजवळ बसायची. एकदा गाठोडे बांधताना तिने मला विचारले, "मावशी, यात माणूस मावेल का हो?" मी म्हणाले, "मावंल की. पण त्याच्यावर तुझ्या सासूला भांडं कोणतं देऊ? मोठं पिंप मागंल ती." ती हसली. मीही हसले. दिवाळीनंतर ती मला दारात दिसली नाही. विचारले तर झोपली आहे किंवा देवळात गेली आहे, असे साधनाबाई सांगायच्या.

आज सकाळी दहाच्या पुढे मी त्या सोसायटीत गेले. साधनाबाईंनीच गॅलरीतून मला हाक मारली. असे त्या कधी करत नाहीत. वर गेले तेव्हा दार अर्धेच उघडे होते. दारात दोन चादरींत बांधलेली दोन गाठोडी तयार होती. नेहमी त्या एकेक कपडा बाहेर आणतात, प्रत्येकावर बोलतात. मी एक गाठोडे सोडून पाहिले. त्यात रोशनीच्या साड्या, ड्रेस, परकर, स्वेटर होते. लग्नातला शालू होता. एका पिशवीत तिच्या चपला होत्या. घरात घालायचा एक गाऊन हाताला ओलसर लागला. तो दोरीवरून काढून तसाच बांधला होता.

मी विचारले, "सूनबाई कुठं हाय?"

"माहेरी गेलीय. वणीला."

"आन कपडे नाय नेले?"

"नवीन घेतलेत तिनं. तू चौकशा करायला येतेस का भांडी द्यायला?"

बाईचे कपडे आम्ही त्या बाईच्या हातूनच घेतो, नाहीतर मागाहून भांडण आमच्या दारात येते. म्हणून मी ती आल्यावर घेते असे म्हणाले. त्यावर त्या म्हणाल्या, "आज न्यायचं तर ने, नाहीतर मी दुसरीला बोलावते." दुसरीने नेले तर ते कुठे जातील हे मला कळले नसते. मी गाठोडे बांधायला घेतले आणि सवयीप्रमाणे म्हणाले, "एवढ्या मालावर ही मोठी परात घ्या, ताई. वर हा डबा घ्या. आज तुम्ही म्हणाल ते."

साधनाबाई मागे सरकल्या. म्हणाल्या, "नको. भांडं नको. उंबऱ्याच्या आत आणू नकोस ते."

"गाळणी तरी घ्या."

"सांगितलं ना, नको. असंच ने. आणि हे बघ, कोणाला विकायचं नाही. फाड सगळं. चिंध्या करून दे अंबडला."

मी म्हणाले, "जरीच्या साडीनं तेल पुसलं जात नाय, ताई."

"मग जाळ," असे म्हणून त्यांनी दार लावले.

साहेबांनी विचारले की भांडे घेतले नाही यात घाबरण्यासारखे काय आहे. त्याबद्दल सांगते की, चांगल्या कपड्यांवर भांडे न घेणारी बाई मी एकाच प्रसंगी बघते. घरातले माणूस गेले की त्याचे कपडे घरात ठेवत नाहीत. ते आमच्यासारखीला देतात, पण त्यावर भांडे घेत नाहीत. गेलेल्या माणसाच्या कपड्यांचे भांडे चुलीवर कसे चढवायचे, असे बायका म्हणतात. हे आम्ही कोणाला शिकवलेले नाही. बंगल्यातली असो, चाळीतली असो, बाई ते पाळतेच. अशा घरी आम्हीही काही विचारत नाही, खाली मान घालून गाठोडे उचलतो. साधनाबाईंच्या सासूबाई वारल्या तेव्हा त्यांची लुगडी मीच नेली होती. तेव्हाही त्या अशाच मागे सरकल्या होत्या. आज त्यांनी तोंडाने माहेरी गेली असे सांगितले, पण भांडे घ्यायला त्यांचा हात पुढे झाला नाही.

मी खाली आले. काय करावे ते सुचत नव्हते, म्हणून इमारतीच्या मागच्या अंगाने निघाले आणि नेहमीसारखी आरोळी दिली. आमची आरोळी ऐकली की वरच्या मजल्यावरच्या बायका आम्हाला थांबवायला उलथने किंवा तांब्या खिडकीच्या गजावर वाजवतात. तसे वाजले. मी वर पाहिले. आवाज साधनाबाईंच्या बाथरूमच्या खिडकीतून येत होता. तिथे काचेच्या आडव्या पट्ट्या आहेत. पट्ट्यांच्या फटीतून बोटे दिसली. मी पुन्हा आरोळी दिली. पुन्हा वाजले. मग एकदम बंद झाले आणि नळ पूर्ण सोडल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू होता.

साधनाबाई पलीकडच्या खिडकीत येऊन म्हणाल्या, "अजून इथंच? प्लंबर आलाय घरात. जा तू."

ती बोटे रोशनीचीच होती असे मी शपथेवर सांगू शकत नाही. तोंड दिसले नाही. पण प्लंबर भांडीवालीला थांबवायला काही वाजवत नाही.

मी वॉचमनला सांगितले. तो म्हणाला, "मावशी, मोठ्या लोकांच्या घरात आपण पडायचं नाही." मी तिथून रिक्षाने घरी आले. एरवी मी चालत येते.

घरी मोहिनीने गाठोडी सोडली. कपडा घेताना आम्ही तो उलटा करून शिलाई बघतो, कारण शिलाई गेली असेल तर बाजारात किंमत येत नाही. मोहिनीने रोशनीचे ब्लाऊज उलटे केले. प्रत्येकाला बाजूने आत घेतलेले होते. एकदा मशीनने, त्याच्या आत पुन्हा हाताने, आणि त्याच्याही आत पुन्हा हाताने. शेवटचे टाके वेडेवाकडे होते. मोहिनी म्हणाली, "आत्या, ही बाई जेवती का नाय?" मी तिला गप्प बस म्हणाले. नंतर आम्ही दोघींनी कपड्यांना हात लावला नाही.

दुपारी तीनच्या सुमारास किशोर मोटारसायकलवर आमच्या दारात आला. त्याला आमचे घर कोणी दाखवले ते माहीत नाही. प्रथम तो नीट बोलला. म्हणाला, "मावशी, आईनं चुकून सगळंच दिलं. कपडे परत द्या. रोशनी माहेराहून आल्यावर काय घालेल?"

मी म्हणाले, "तिला येऊ दे, दादा. तिचे कपडे तिच्याच हातात देते."

"माझ्याकडे द्या ना. मी नवराच आहे तिचा."

"मग फोन लावा तिला. मला दे म्हणाली की देते."

तो आमच्या घरात इकडेतिकडे बघू लागला. मग आवाज न वाढवता म्हणाला, "आमच्या जिन्यात कॅमेरा आहे. गाठोडी घेऊन उतरताना तू त्यात दिसतेस. आई दारात दिसत नाही. घर फोडलं असं लिहून दिलं तर पोलीस तुझं ऐकतील का माझं, तूच सांग." जाताना तो मोहिनीकडे बघून म्हणाला, "सून का? जप तिला." माझी नात तेव्हा दारात खेळत होती. त्याने वाकून तिच्या गालाला हात लावला आणि मग गाडी चालू केली. संध्याकाळी परत येतो, गाठोडी बांधून ठेव, असे सांगून गेला.

तो गेल्यावर मोहिनी म्हणाली, "देऊन टाका, आत्या. आपल्याला ते लोक नाय झेपायचे." तिचे म्हणणे मला पटत होते. मी गाठोडी बांधली. बांधताना तो गाऊन अजून ओलाच होता. मग मी नातीला शेजारी वत्सलाबाईंकडे ठेवले, आणि आम्ही दोघी पुढच्या रस्त्याने न येता नाल्याच्या बाजूने गाठोडी घेऊन इथे आलो. आमच्यासारख्या बायका इथे आपल्या पायांनी येत नाहीत.

दोन्ही गाठोडी मी साहेबांच्या समोर ठेवली आहेत. त्यातला एकही कपडा फाडलेला नाही, विकलेला नाही, धुतलेला नाही. मोबदल्यात माझे एकही भांडे त्या घरात गेलेले नाही. किशोर माझ्यावर चोरीचा आरोप करेल, तर त्याबद्दल माझे म्हणणे हेच आहे. पण ते नंतर बघता येईल. आधी कोणीतरी त्या घरी जावे.

जबाब चालू असताना साहेबांनी गावच्या पोलीस पाटलाकडून रोशनीच्या वडिलांचा नंबर मिळवला आणि माझ्यासमोर फोन लावला. सावळीराम म्हणाले, "रोशनी? नाय हो, इकडं नाय आली. जावई म्हणतात तिचा फोन बिघडलाय, म्हणून बोलणं नाय झालं." नंतर ते म्हणाले, "का? काय झालं?" साहेबांनी, काही नाही, माहिती घेतोय, असे सांगितले. ते पुन्हा, "का, पण काय झालं साहेब?" असे विचारत राहिले. मागून एका बाईचा आवाज येत होता, "कोणाचा फोन हाय? रोशनीचा हाय का?" साहेबांनी फोन ठेवला आणि गाडी काढायला सांगितली. सोबत दोन महिला पोलीस गेल्या आहेत. फ्लॅट दाखवायला मी येते म्हणाले, पण तुम्ही इथेच थांबा, असे मला सांगण्यात आले.

गाडी गेल्यावर माझ्या लक्षात आले की मागच्या बाजूला बाथरूमची खिडकी नेमकी कुठली, हे मी त्यांना सांगितले नव्हते. ते मी आता सांगितले आणि इथल्या हवालदारांनी फोनवर पुढे कळवले. घरात नळ चालू असला तरी तो बंद करून ऐका, असेही मी कळवायला लावले.

गाडी परत येईपर्यंत आम्ही दोघी इथल्या बाकावर बसणार आहोत. घरी जाणार नाही.

वर लिहिलेले सर्व हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवले. वाचताना कपड्यांच्या वर्णनाजवळ रोशनीच्या नावाआधी त्यांनी लिहिण्याच्या ओघात 'मयत' असे लिहिले होते. ते मी थांबवले. तो शब्द माझ्यासमोर खोडून घेतला आणि खोडल्याच्या जागेवर माझा अंगठा दिला आहे. बाकी मी सांगितले तसेच आहे.

जबाब देणार,
तानुबाई मल्हारी साळुंके
(डाव्या हाताचा अंगठा)