राजीनामा मंजूर झाला तेव्हा

सन्माननीय अध्यक्षा, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले मावळते अध्यक्ष, अर्थात माझे काका, त्यांच्या शेजारी प्रथमच व्यासपीठावर बसलेल्या काकू, सर्व शाखांचे पदाधिकारी आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले निष्ठावंत कार्यकर्ते, आपणा सर्वांना नमस्कार.

काकांच्या कार्याविषयी आधीच्या वक्त्यांनी इतकं सांगितलं, की काका स्वतःच मधूनमधून दचकत होते. मी त्यात भर घालत नाही. ते पदावरून उतरले कसे, एवढंच सांगतो.

आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. दरवर्षी वार्षिक सभेत काका राजीनामा द्यायचे, सभागृह "नाही, नाही!" म्हणून ओरडायचं, काका डोळे पुसायचे आणि मग चहा यायचा. आचारी तर त्या आरोळीवरच आधण ठेवायचा. यालाच आपण पक्षांतर्गत लोकशाही म्हणत होतो, नाही का?

यंदाही काकांनी राजीनामा दिला. आपण ओरडलो. काका म्हणाले, "अहो, मी खरंच देतोय." आपण आणखी जोरात ओरडलो. "गुडघे गेलेत माझे, कार्यालयाचा जिना चढवत नाही!" त्यावर खजिनदारांनी कार्यालयच तळमजल्यावर आणायचा ठराव मांडला. तेवढ्यात समोरच्या रांगेतून काकू उठल्या. "मंजूर करा की एकदाचा! मला यांच्याशी जरा निवांत भांडायचंय." आणि राजीनामा मंजूर झाला.

आता पुढचा अध्यक्ष कोण? सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. खोटं कशाला सांगू, मी नवा कोट शिवून आलो होतो. आपल्याकडे पद मागायचं नसतं. लोकांनी आग्रह करायचा, आपण आधी नको नको म्हणायचं आणि मग नाइलाजाने मान तुकवायची. काकाही असेच अध्यक्ष झाले होते. मी रीतीप्रमाणे उठून म्हणालो, "एवढ्या मोठ्या पदाला मी लायक नाही." आणि आग्रहासाठी थांबलो.

पण मंडळी, माणूस म्हणतो ते खरं धरायचं, हे आपण नुकतेच शिकलो होतो. मागून कुणीतरी म्हणालं, "बरं."

बरं! त्या आवाजाच्या मालकाला मी अजून शोधतोय.

मग ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या आपल्या बाई उभ्या राहिल्या. "मला अध्यक्ष व्हायचंय," म्हणाल्या. बस्स. हे वाक्य या सभागृहात कुणी उच्चारलंच नव्हतं, त्यामुळे त्याला विरोध कसा करायचा हेच कुणाला सुचेना. हात वर गेले. सवयीने माझाही गेला.

सभेनंतर मी काकांना गाठलं. "माझं नाव का नाही सुचवलंत?"

काका म्हणाले, "तुला हवंय, असं तू कधी म्हणालाच नाहीस रे."

मला राग आला. अजून थोडा आहे. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. काकांच्या तोंडावर "मला हवंय" म्हणायची हिंमत मला लहानपणापासून झालेली नाही, मग ते आइस्क्रीम असो की पक्ष.

अध्यक्षाबाई, तुमच्या हाताखाली मी झटून काम करीन. आणि पुढच्या निवडणुकीत तुमच्याविरुद्ध उभा राहीन, कुणी आग्रह करो वा न करो. काका, मला ते पद हवंय.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या ओघात काही अधिकउणं झालं असेल, तर वडीलधाऱ्यांनी पोटात घालावं. फक्त त्या शेवटच्या वाक्याबद्दल मी क्षमा मागत नाही.