बाबांच्या कोंबड्या आणि रविकांतची फॅमिली

नाही, पण मी म्हणतो, पत्ता सांगायची गरज काय होती? त्या हेल्थवाल्या मुलीनं विचारलं होतं काय, तर कोंबडी कुठून आणली. 'शेतावरून' म्हणायचं आणि गप्प बसायचं! पण नाही... आमच्या रविकांतनं तिला हायवेचा नंबर सांगितला, खडीचा रस्ता कुठं वळतो ते सांगितलं, डावीकडे गंजलेला ट्रॅक्टर लागतो ते सांगितलं, आणि वर पेपर नॅपकिनवर नकाशा काढून दिला! हो, नकाशा! उत्तरेच्या बाणासकट! तीस वर्षं सास्कॅचवानच्या रस्ते खात्यात काढली ना त्यानं, नकाशा काढल्याशिवाय त्याला पाहुण्यांना साधी वॉशरूमसुद्धा दाखवता येत नाही.

आणि नियम साधा होता हो! अगदी चार ओळींचा!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस कोंबडी सोडून पिसंच उडवतोय.

तर रविकांत टिपणीस. ठाण्याचा. चौऱ्याहत्तर साली इकडे कॅनडात, रेजिनाला आला तो इथलाच झाला. माणूस सरळ, शिस्तीचा, रिकाम्या रस्त्यावरसुद्धा स्टॉप साइनला पूर्ण थांबणारा. दोष एकच, जीभ. म्हणजे बोलायलाही आणि खायलाही. तीस वर्षं दुकानातली ती पांढरी कोंबडी खाताना रोज एकच रडगाणं, 'जयंती, ही कोंबडी नाही गं, हा ओला कापूस आहे!' जयंतीवहिनी बिचाऱ्या खोबरं भाजून, लवंग-दालचिनी घालून त्या कापसाला चव आणायच्या. तरी ह्याचं आपलं चालूच.

मग रिटायर झाला, गाडी काढून गावाबाहेर भटकायला लागला, आणि २००८ च्या सप्टेंबरात तासाभराच्या अंतरावर एका फाटकाशी त्याला पाटी दिसली. हातानं रंगवलेली. 'फार्म चिकन्स'. आत गेला तर अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, पायात रबरी बूट. मिसेस कोवालचुक. मूळच्या युक्रेनियन. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलं व्हँकुव्हरला, आणि ह्या एकट्या दोनेकशे कोंबड्या पाळायच्या, स्वतः कापायच्या, गरम पाण्यात बुडवून स्वतः पिसं काढायच्या. रविकांत म्हणाला, 'गुड मॉर्निंग, मिसेस कोवाल... कोवल...' तर म्हणाल्या, 'नो, नो. एव्हरीबडी कॉल मी बाबा.'

बाबा! आता त्यांच्यात आजीला बाबा म्हणतात, त्याला कोण काय करणार? पण रविकांतची पंचाईत बघा! एवढ्या मोठ्या बाईला बाबा म्हणायचं कसं? पहिल्या दोन फेऱ्या त्यानं नुसतं 'एक्स्क्यूज मी' वर काढल्या. तिसऱ्या फेरीत त्यांनी स्वतः केलेलं बीटचं सूप पाजलं, तेव्हा तोंडून निघून गेलं, 'थँक यू, बाबा.' घरी येऊन वहिनींना म्हणाला, 'तुला सांगतो, वडील गेल्यानंतर पहिल्यांदा कोणाला बाबा म्हटलं.' आणि चष्मा पुसत बसला.

आणि ती कोंबडी! अहो, पाच-सहा पौंडांची, पिवळसर चरबीची, शिजायला तास घेणारी! त्या दिवशी रस्सा खाऊन रविकांत अर्धा तास बोलला नाही. रविकांत! अर्धा तास!

पण हा पडला सरकारी माणूस. दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात किडा, की ह्या कोंबडीवर तपासणीचा शिक्का नाही, मग हे चालतं कसं? झालं! ह्या ऑफिसला फोन, त्या ऑफिसला फोन. शेवटी कागद मिळवला. नियम साधा होता हो! शेतकऱ्यानं स्वतःच्या शेतावर कापलेली कोंबडी, स्वतःच्या फाटकात, जो खाणार त्यालाच, त्याच्या घरच्या जेवणासाठी विकली, तर सरकारी तपासणीतून सूट. दुकान, हॉटेल, हॉल, तिकीट लावून जेवण... तिथं तपासलेलंच मांस पाहिजे. बस! रविकांतनं तो कागद लॅमिनेट केला. लॅमिनेट! जेवायला येईल त्याच्यासमोर आधी कागद, मग रस्सा. 'बघा, काय सुंदर नियम आहे! विकणारा आणि खाणारा समोरासमोर. मध्ये सरकार नाही, नुसता विश्वास.' मी स्वतः अकरा वेळा ऐकलंय हे. अकरा!

म्हणजे तुमच्या लक्षात आलं का? ज्या माणसाला अख्ख्या रेजिनात हा नियम तोंडपाठ होता, त्याच माणसानं...

आमच्या इथल्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन. ऑक्टोबर २००९. कम्युनिटी हॉल घेतलेला, तिकिटं लावलेली, सव्वाशे माणूस. आमचा अध्यक्ष मिलिंद, युनिव्हर्सिटीत असतो, उत्साही प्राणी. मीटिंगमध्ये म्हणाला, 'जेवणाला दरवर्षी तेच पनीर नको. काका, तुमच्या त्या गावरान कोंबडीचा रस्सा होईल का हो सगळ्यांसाठी?' आता इथं खिशातून कागद काढून 'नियमात बसत नाही' म्हणायचं की नाही? वहिनींनी टेबलाखालून पाय मारलासुद्धा! पण पलीकडून कोणीतरी म्हणालं, 'टिपणीसकाका म्हणजे काय, रेजिनातली अथॉरिटी आहेत कोंबडीतली...' झालं. अथॉरिटी! तीस वर्षं खात्यात कोणी ज्याला अथॉरिटी म्हटलं नाही, त्याला मंडळानं म्हटलं. 'होईल की,' म्हणाला. 'त्यात काय!'

शनिवारी सकाळी गेला बाबांकडे. पहिला बर्फ भुरभुरत होता. म्हणाला, 'बाबा, फॉर्टी चिकन्स.' बाबा थबकल्या. त्या कधी कोणाला पाच-सहाच्या वर देत नसत. म्हणाल्या, 'फॉर्टी? रवी, यू ओपन रेस्टॉरंट?'

'नो, नो, बाबा!'

'देन हू ईट फॉर्टी?'

आणि आमचा स्टॉप साइनला थांबणारा माणूस, तुम्हाला सांगतो, इथं थांबला नाही. म्हणाला, 'फॅमिली.'

'फॅमिली?'

'बिग फॅमिली. ऑल कमिंग.'

तर त्या बाईंचा चेहरा असा फुलला म्हणे! त्यांची स्वतःची मुलं चार वर्षांत फिरकली नव्हती ना. म्हणाल्या, 'गुड, रवी. व्हेरी गुड. ऑल कमिंग होम.' आणि दोन कोंबड्या वर घातल्या. त्याच्या आईसाठी. आता ह्याची आई एकोणीसशे ब्याण्णवलाच वारली! पण तेही ह्यानं सांगितलं नाही. मला नंतर म्हणाला, 'अरे, त्या दोन कोंबड्या मला चाळिसांपेक्षा जड लागल्या रे उचलताना.' मग तेव्हाच का नाही सांगितलंस, शहाण्या?

नियम साधा होता हो! पण माणूस...

असो. हॉलवर दुपारी नुसता घमघमाट. वहिनींच्या हाताखाली आम्ही आठ जण, मी कांद्यावर. दोन पातेल्यांत रस्सा रटरटतोय, तिसऱ्यात कोंबडी मसाला लावून ठेवलीय. आणि दारातून एक मुलगी आत. केसांना जाळी, हातात क्लिपबोर्ड, गोड हसणारी. 'हाय! हेल्थ इन्स्पेक्शन. यू अप्लाइड फॉर अ परमिट?' म्हणजे बघा, परमिटसाठी अप्लाय आम्हीच केलं होतं! मिलिंदनं! अगदी वेळेवर!

तिनं फ्रीजचं तापमान बघितलं, हात धुवायचा साबण बघितला, 'ग्रेट, ग्रेट' म्हणाली, आणि मग कोंबडीच्या रिकाम्या पिशव्या उलटसुलट करून बघायला लागली. 'आय डोंट सी एनी स्टॅम्प. व्हेअर इज धिस चिकन फ्रॉम?'

आणि इथं रविकांत पुढे झाला. अहो, त्याला वाटलं ती कौतुकानं विचारतेय! 'धिस इज नॉट स्टोअर चिकन! बाबा हरसेल्फ कट इट! विथ हर ओन हँड्स!'

'हू इज बाबा?'

'शी इज... फॅमिली.'

मुलीनं त्याच्याकडे बघितलं, मग आम्हा आठ जणांकडे बघितलं. 'युवर फादर?'

'नो, नो, शी इज अ लेडी.'

'युवर... लेडी फादर?'

बाजूला मिलिंद घामाघूम, वहिनी डोळे मिटून उभ्या, आणि हा तिला समजावतोय, कसं त्या गरम पाण्यात बुडवतात, कसं पहाटे जाकिट चढवून कामाला लागतात, आणि मग तो नकाशा! उत्तरेच्या बाणासकट!

मुलगी वाईट नव्हती हो. तिचा आवाजसुद्धा खाली आला. म्हणाली, सर, त्यांच्या फाटकातून तुम्ही तुमच्या घरी नेली असती तर मला काहीच म्हणायचं नव्हतं. पण हा पब्लिक हॉल आहे, तिकीट आहे, लहान मुलं जेवणार आहेत. मी हे वाढू देऊ शकत नाही. रविकांत म्हणाला, 'आय नो द रूल.' आणि काय सांगू, सवयीनं खिशातून तो लॅमिनेट केलेला कागद काढून तिच्या हातात दिला! स्वतःच्या हातानं! तिनं वाचला, आणि म्हणाली, 'यस. एक्झॅक्टली.'

बेचाळीस कोंबड्या. काळ्या गार्बेज बॅगांत. कोणी परत काढून खाऊ नये म्हणून वरून ब्लीच ओतायचं असतं. मिलिंद म्हणाला, 'काका, द्या इकडे, मी ओततो.' रविकांतनं बाटली सोडली नाही. भाजलेल्या खोबऱ्याचा वास आणि त्यावर ब्लीचचा... मी कांदा चिरत होतो म्हणून बरं, डोळ्यांना कारण होतं. संध्याकाळी सव्वाशे माणसांनी मटकीची उसळ आणि मागवलेला पिझ्झा खाल्ला, आणि आमच्यातले दोन शाकाहारी म्हणाले, 'या वर्षी मेनू छान होता हं!'

तुम्ही म्हणाल, संपलं. रस्सा गेला, हसं झालं, संपलं. पण नकाशा दिला होता ना!

पुढच्या आठवड्यात बाबांच्या फाटकात सरकारी गाडी. नियमानं त्यांचं काही चुकलं नव्हतं, दंड नाही, बंदी नाही, काही नाही. नुसते चार प्रश्न. कोणाला विकता, किती विकता, चाळीस कोंबड्या कशाला लागतात हे विचारलं होतंत का. पण एक्केचाळीस वर्षांत त्या फाटकात कोणी असं वही घेऊन उभं राहिलं नव्हतं हो. बाबा म्हणाल्या म्हणे, 'ही टोल्ड मी फॅमिली.' गाडीतून आलेल्यांनी ते लिहून घेतलं, आणि बाईंनी खाली सही केली.

रविकांतला हे कळलं तेव्हा तो तडक गेला. वहिनी म्हणाल्या, 'अहो, मी येते बरोबर.' तर नको म्हणाला. फाटकाशी पाटी नव्हती. दोन खिळे तेवढे राहिले होते. बाबांनी दार उघडलं, आत बोलावलं, चहा दिला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं! नाही. समोर बसल्या. ह्यानं सॉरी म्हटलं, मंडळाचं सांगितलं, आईचंसुद्धा सांगितलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग एवढंच म्हणाल्या, 'आय प्रेड फॉर देम, रवी. युवर फॅमिली. ड्रायव्हिंग इन स्नो.'

ह्याच्या बर्फातून येणाऱ्या, नसलेल्या फॅमिलीसाठी त्या बाईंनी प्रार्थना केली होती! आता ह्याला कुठल्या खात्याचा कागद दाखवणार? गाडीत येऊन बसला आणि पाऊण तास त्याला चावी फिरवता आली नाही.

नियम साधा होता हो... विकणारा आणि खाणारा समोरासमोर, मध्ये नुसता विश्वास. त्याचंच वाक्य.

त्या हिवाळ्यात त्यानं दोनदा पत्र टाकलं, ख्रिसमसला कार्ड पाठवलं. उत्तर नाही. आम्हाला वाटलं, बाबांनी कोंबड्याच बंद केल्या. तर पुढच्या सप्टेंबरात मिलिंदचा फोन, 'काका, एक सांगू का... मला तीन दिल्या हो बाबांनी. पाटी नाही, पण ओळखीच्यांना देतात. फक्त दारात उभं करून विचारतात, घरी कोण कोण आहे, नावं सांग. मी बायकोचं, मुलींचं सांगितलं, तेव्हा दिल्या.' मग कळलं, मंडळातल्या सात घरांत जातेय ती कोंबडी! रविकांतनंच सगळ्यांना चटक लावलेली. आणि ह्याच्याच घरात पुन्हा ओला कापूस.

शेवटी वहिनी एकट्या गेल्या, त्याला न सांगता. बाबांनी दारातच विचारलं, घरी कोण कोण? वहिनी म्हणाल्या, 'मी आणि रवी.' बाबा आत गेल्या आणि एकच कोंबडी घेऊन आल्या. म्हणाल्या, 'धिस फॉर यू.' वहिनी उभ्याच राहिल्या. तशा बाबा म्हणाल्या, 'फॉर हिम, स्टोअर चिकन.' वहिनींनी मान खाली घातली आणि 'यस, बाबा' म्हणाल्या.

त्या रविवारी मी सहज डोकावलो होतो तिकडे. रस्सा केलेला. वहिनींनी त्याच्या ताटात वाढला आणि मग जे झालं ते खरं सांगितलं, कारण ह्या घरात आता दुसरं काही सांगायची सोय राहिली नव्हती. रविकांतनं ताट हळूच पुढं सरकवलं. वहिनी म्हणाल्या, 'अहो, खा की. कोण बघतंय इथं?'

तो म्हणाला, 'कोणीच नाही गं. म्हणूनच नको.'

आणि उठला, फ्रीजमधून दही काढलं, भात कालवला, आणि खिडकीशी उभा राहून खाल्ला.

मग त्या ताटाचं काय झालं म्हणता? आता वाढलेलं अन्न टाकायचं का, तुम्हीच सांगा! वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी वहिनींकडे बघितलं... खाल्लं मी. मान वर न करता खाल्लं. आणि तुम्हाला सांगतो, वाईट एवढंच वाटतं, की फार म्हणजे फारच चांगला झाला होता हो.