ताईच्या सतराशे कॅलरी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या किडनी विभागाचे प्रमुख डॉक्टरसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती आहारतज्ज्ञ मॅडम, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर, परिचारिका भगिनींनो, डायलिसिसच्या खोलीतले माझे जुने शेजारी आणि त्यांचे नातेवाईक, तसंच मागच्या दाराशी उभं राहून खाण्याच्या पाकिटांवर नजर ठेवून असलेल्या सज्जनहो,

मॅडमविषयी चार चांगले शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं आहे. चारच का, चाळीस बोलेन. पण आधी माझा व्यवसाय सांगतो, म्हणजे माझ्या स्वभावाचा ठपका माझ्या आईवडिलांवर यायचा नाही. मी वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. उभा जन्म बाजारातले तराजू तपासण्यात गेला. अजूनही तराजू दिसला की माझा हात आधी पारड्याच्या खाली जातो, तिथे काही चिकटवलंय का ते बघायला. दुकानदार हसला की मला संशय येतो, नाही हसला तर जास्तच येतो. या इस्पितळात मला ‘काटेवाले’ म्हणतात. माझ्या तोंडावर कुणी म्हणत नाही, पण म्हणतात. त्याचाही तपास मी केलेला आहे.

तर अशा माणसाला या बाई पहिल्या भेटीतच आवडल्या. का आवडल्या? तुमच्यापैकी बरेचजण त्यांच्या वर्गाला बसले असतील. बाहेरच्या बाकांवर सगळ्यांना बसवून, फळा भिंतीला टेकवून त्या गणित शिकवायच्या. वजन उतरवायचं तर दिवसाला किती कॅलरी खायच्या? आधी तुमचं वजन, उंची आणि वय घ्यायचं. त्यावरून एक आकडा निघतो. नुसतं अंथरुणात पडून राहिलात तरी शरीर तेवढं जाळतंच. मग तुमचं काम बघून त्या आकड्याला गुणायचं. बसून काम असेल तर थोडं, हिंडतं-फिरतं असेल तर दीडपटीहून जास्त. जो आकडा येईल तो तुमचा दिवसाचा खर्च. त्यातून साधारण पाचशे वजा करायचे, की झालं. घाई करायची नाही, उपाशी मरायचं नाही.

आणि मग मॅडम खडू खाली ठेवून म्हणायच्या, “वजनात लबाडी करता येत नाही, तिथे काटा आहे. लबाडी होते ती गुणाकारात. दिवसभर किती हिंडता, असं विचारलं की भली भली माणसं दुप्पट सांगतात. म्हणून त्यांनी सांगितलेल्यातलं मी निम्मं कापते.”

निम्मं कापते! मी मनात म्हटलं, अरे, ही बाई चुकून इस्पितळात आली. हिला आमच्याच खात्यात घ्यायला हवं होतं.

पण मी इथे आलो कसा, ते राहिलंच. माझ्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. बायकोचा रक्तगट जुळेना. जुळला तो माझ्या थोरल्या बहिणीचा. ताई आमच्या बैठकीच्या खोलीत, सगळ्यांसमोर, चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाली, “माझी घ्या.” घरात सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर डॉक्टरसाहेबांनी तिला तपासलं आणि सांगितलं, बाकी सगळं ठीक आहे, पण वजन फार आहे. एवढ्या वजनावर भूल देणं धोक्याचं, आणि पुढे एका किडनीवर जगायचं तर तेही धोक्याचं. आधी वजन उतरवा, मग बघू. ताईची रवानगी मॅडमच्या खोलीत झाली आणि ती आकडा घेऊन बाहेर आली. दिवसाला सतराशे.

महिने गेले. मी डायलिसिसच्या खुर्चीत आणि ताई सतराशेवर. काटा मात्र जागचा हलेना.

आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या माणसानं काय करावं? मी आधी काट्यावर संशय घेतला. डॉक्टरसाहेब, तुमच्या वॉर्डातला काटा मी माझी जुनी प्रमाणित वजनं पिशवीतून आणून तपासला. नर्सबाईंना चहाला पाठवलं होतं. काटा बिनचूक निघाला. मला फार वाईट वाटलं. मग ताईच्या स्वयंपाकघरातला छोटा काटा तपासला. तोही चोख. तेव्हा उरली कोण? ताई.

आमची ताई घड्याळं दुरुस्त करते. वडिलांचं दुकान तिनंच पुढे चालवलं. मी ऐन जेवणाच्या वेळेला न सांगता दुकानात जाऊन धडकायचो. “सहज आलो गं,” म्हणत तिचे खण उघडून बघायचो. आत स्प्रिंगा, चाकं, कापूस. एक बिस्किटाचा चुरा सापडेल तर शपथ! बायकोलाही अधूनमधून तिच्याकडे पाठवायचो, ती येऊन सांगायची की ताईंनी भात मोजून घेतला, अंडं एकच घेतलं. म्हणजे आपली पाठ वळल्यावर खात असणार, असं आमचं ठरलं. आमच्या मावशींनी तर एका बारशात भर पंगतीत म्हटलं, “भावाचा जीव जायची वेळ आली, तरी हिला जिभेला लगाम घालता येत नाही.” सगळ्यांच्या माना तिच्या ताटाकडे वळल्या. ताई एवढंच म्हणाली, “सांगितलंय तेवढंच खाते मी.”

पुढे मला प्रतीक्षायादीतून किडनी मिळाली. एका अनोळखी घरानं, त्यांच्यावर डोंगर कोसळला असताना, होकार दिला. त्यांच्यामुळे मी इथे उभा आहे. त्यांच्यापुढे माझी मान कायमची झुकलेली आहे.

मी शुद्धीवर आलो तेव्हा दारात पहिली ताई होती. पण मंडळी, त्या दिवसापासून ताई माझ्या घरी जेवलेली नाही. येते, बसते, माझी औषधं विचारते, पाणी पिते आणि जाते. बायको ताट वाढून आणते. ती म्हणते, “आत्ताच खाऊन आले.” मला ते सहन होत नाही. माझी एकुलती एक बहीण माझ्या टेबलाशी पाहुण्यासारखी बसते, आणि घास घेत नाही. मला वाटलं, आम्ही संशय घेतला त्याचा राग असणार. राग येणारच की!

आता मॅडमकडे येतो. अध्यक्ष घड्याळ बघतायत, मी ते बघतोय.

ऑपरेशननंतरच्या औषधांनी मला भस्म्या झाल्यासारखी भूक लागायची. मी चांगलाच फुगलो. मॅडमनी माझा आकडा काढायला घेतला.

“दिवसभर काय करता?”

“हिंडतो. बाजारभर.”

“निवृत्त झालात ना?”

“झालो, पण सवयीनं हिंडतो.”

“कशावर बसून?”

आता स्कूटरवर बसून हिंडतो, हे त्यांना कुणी सांगितलं? त्यांनी ‘बसून’ असं लिहिलं आणि माझा भात निम्मा केला. मी घरी येऊन चडफडत तेच गणित पुन्हा करून बघितलं. बरोबर आलं. मग हाताला चाळा म्हणून ताईचं केलं. तिचं वय, उंची, वजन घरात कुणाला पाठ नाही? पडल्यापडल्याचा आकडा आला साधारण चौदाशे. बसून काम धरलं तर दिवसाचा खर्च सतराशे. त्यातून पाचशे गेले, म्हणजे तिनं खायला हवे होते बाराशे.

पण तिला दिले होते सतराशे! मी डोकं धरून बसलो. सतराशे येतात कसे? ताईला हिंडतं-फिरतं काम आहे असं धरलं, खर्च बावीसशे मानला आणि पाचशे वजा केले, तरच येतात. आणि ताई तर डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून स्टुलावर बसते. त्या दुकानात ताई सोडून सगळं हलतं! म्हणजे सतराशे जाळायचे आणि सतराशेच खायचे. मग काटा हलणार कसा?

तेव्हा मावशी, तुम्ही पहिल्या रांगेत आहात ते बरं झालं. बायको, तूही ऐक. आज मी एवढ्याचसाठी बोलायला उभा राहिलो. ताईनं चोरून एक घासही खाल्ला नव्हता. सांगितलं होतं तेवढंच ती खात होती. गणित मॅडमचं चुकलं होतं. हे मी भर सभेत सांगतो.

बघा, मॅडमही मान डोलावतायत. चूक झाली म्हणतायत.

इथे खरं तर मी बसायला हवं. पण माझी खोड! मला ही मान पटत नाही. माझ्या स्कूटरचा वास ज्या बाईला खुर्चीतून आला, तिला ताईच्या डोळ्याभोवतीचा भिंगाचा वळ दिसला नाही? इतक्या वर्षांत एकच चूक, आणि तीही नेमकी इथेच? मी त्यांना एकदा विचारलंही होतं. त्या म्हणाल्या, “गणित माझं, चूकही माझ्याच नावावर लिहा.” आता माझा अनुभव असा, की जो दुकानदार झटकन गुन्हा कबूल करतो, तो मागच्या खोलीतल्या कुणाला तरी लपवत असतो. शिवाय ताई आज या सभागृहात आहे. तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ. तिला मी बोलावलेलं नाही, बायकोनंही नाही. मग निमंत्रण दिलं कुणी?

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘आवरा’ असं लिहिलंय, अक्षर सुंदर आहे. आवरतो साहेब.

काय गं ताई? उभी का राहिलीस? बस ना. बरं, बोल. माईक तिथवर पोचत नाही, मंडळी. ती बोलतेय ते मी इथून सांगतो.

ती म्हणते, मॅडमचं काही चुकलं नाही.

ती म्हणते, मॅडमनी तिला एकटीला आत घेतलं, दार लावलं आणि विचारलं, किडनी द्यायची आहे ना तुम्हाला? तोपर्यंत तिला असं कुणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, नाही. मला फार भीती वाटते. पण आता घरी सांगता येणार नाही.

मावशी, मागे वळून बघू नका. इकडे माझ्याकडे बघा.

ती म्हणते, मॅडमनी सांगून पाहिलं, की डॉक्टरांना सांगू या, ते कारण न देता नकार कळवतील. ती म्हणाली, भाऊ कारण शोधून काढल्याशिवाय राहायचा नाही. मग तिनंच हात जोडले, की वजन उतरणार नाही असा आकडा द्या. मॅडम आधी नाही म्हणाल्या. नंतर दिला.

ती म्हणते, खादाड म्हणालात ते मी सोसलं. त्याचा राग नाही. पण ज्याला नाही म्हटलं, त्याच्या घरी बसून घास घशाखाली उतरत नाही.

थांबा. पाणी द्या जरा.

ती विचारतेय, “फिटला का तुझा संशय?”

ताई, तुझ्यावरचा फिटला. मॅडमवरचाही फिटला. पण एक नवा आलाय. त्या दिवसांत तू माझ्याकडे एकटी येऊन म्हणाली असतीस, मला भीती वाटते रे, तर मी ‘राहू दे ताई’ म्हणालो असतो का? आज हो म्हणणं सोपं आहे. आज किडनी माझ्या पोटात आहे. तेव्हा नव्हती, आणि मला जगायचं होतं. मी तुला समजावलं असतं, तुझ्यापुढे रडलो असतो, मावशींना तुझ्याकडे धाडलं असतं. मला माझी खात्री देता येत नाही. माझा हा संशय मॅडमना माझ्या कितीतरी आधी आला होता, आणि त्यांनी त्याप्रमाणे हिशेब केला.

मॅडम, माझ्या बहिणीचं दार लावून ऐकून घेतल्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. डॉक्टरसाहेब, त्या आज निवृत्त होतायत, तेव्हा त्यांना जाब विचारायचा असेल तर तो मला विचारा. अध्यक्षांचा वेळ घेतला, व्यासपीठावरच्या कुणाचा उल्लेख राहिला, आणि घरातलं सभेत आणलं. त्याबद्दल सभागृहानं मला उदार मनानं क्षमा करावी.

ताई, तुझीही मागतो. आणि या वेळी नाही म्हणावंसं वाटलं, तर खुशाल नाही म्हण.